गुलेर

ज्वारी निघाली की रान उघडं पडायचं,
धसकटांत सांडलेले दाणे, दाण्यांवर होले.
दुपारचे दोन. वारा पडलेला.
उकंडा पुढं, मी मागं,
खिशात नाल्यातले गोटे, सुपारीएवढे,
एकमेकांवर वाजवून पारखलेले.
फुटका आवाज आला की फेकून द्यायचा.
"चिरलेला गोटा वाटंतच फिरते," उकंडा म्हणायचा,
"मान्सासारखा."

गुलेर त्याची स्वतःची. बोरीचं बेचकं,
राखेत भाजून, तेल पाजून काळं झालेलं,
रबर पोस्टमन ढोक्यांच्या सायकलच्या ट्यूबचं,
चामडं कोणाच्या तरी वहाणेचं, विचारू नये.
ती माझ्या हातात आली दुसऱ्या हिवाळ्यात.
पहिल्या हिवाळ्यात मी फक्त बसलो.

मुंगी पोटरीवर चढते, चढू द्यायची.
खोकला आला तर गिळायचा.
शाळेत ज्याला दहा मिनिटं बूड टेकवता येईना
तो मी, हिवराखाली,
सावली सरकेल तसा बोटबोट सरकत.
मग सगळं ऐकू यायला लागायचं:
तुरीची शेंग तडकते ती,
अडाणच्या पल्याड कोण्या बैलाची घाटी,
आणि तो,
घशातल्या घशात हसल्यासारखा,
जसं बंद दाराआड कोणी
गडव्यानं पाणी ओतून राहिलं.

उकंडाचे कायदे होते.
पाणी पिणाऱ्यावर नेम धरायचा नाही.
जोडीतला एक पडला तर दुसऱ्याला त्या दिवशी सोडायचं.
"काऊन?"
"आबा म्हनत होता."
आबाला कोणी सांगितलं, ते आबाला ठाऊक.
आम्ही कायदे पाळले,
भूक फार नसेल तेव्हा.

माझा पहिला.
नेम आठवत नाही. रबर सुटल्याचा आवाज आठवतो,
आणि फांदीवर तो जिथं होता
तिथं थोडं आभाळ.
हातात घेतला. ऊन. इतका हलका
की वाटलं, आत कोणी नव्हतंच.
गळ्याशी तांबूस ठिपक्यांची पट्टी,
इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती.
वाईट वाटलं का, बायको विचारते.
खरं सांगतो, गावभर पळत सुटावंसं वाटलं,
हात वर करून.

पऱ्हाटीचा जाळ,
मीठ, दगडावर ठेचलेली लाल मिरची.
चौघांत तीन होले.
छाती ज्यानं पाडला त्याची,
मान लहान्याची,
हाडं सगळ्यांनी फिरवून चोखायची,
आणि शालिक, जो घरी माळकरी,
तो राखेनं तीनदा तोंड धुवायचा.
पुढं लग्नाकार्यांत मटण हाणलं मी,
वाढप्याला पुरे न म्हणता.
चव विचाराल तर सांगता येणार नाही.
होल्यानं पोट कधी भरलंच नाही,
म्हणूनच तो अजून जिभेवर बसला आहे.

आता मी वायरमन.
खांबावर चढलो की तारेवर, चार हातांवर, होले.
पक्कड सोडून माझा अंगठा
तर्जनीवर आवळला जातो आपोआप.
घरच्या मीटरच्या पेटीवर एका जोडीनं
खोपा केलाय, खोपा कसला, दहाबारा काड्या,
खालून अंडी दिसतात.
"झाडू लावू नको तिथं," बायकोला म्हणालो
आणि तोंडाला पाणी सुटलं.

परवा उकंडाकडं गेलो.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला भितो.
बाजेवर बसला होता. हिवरावर होला घुमला
तशी त्याची मान ताठ.
"कुठी हाये?"
"दुसऱ्या खांदीवर. तोंड नदीकडं."
त्यानं डावी मूठ पुढं धरली, उजवी कानापर्यंत ओढली,
श्वास रोखला. मीही रोखला.
चिमूट सोडली.
"लागला काय?"
"लागला," मी म्हणालो.

हिवरावर तो पुन्हा घुमला,
निवांत, बंद दाराआड पाणी.
उकंडा ऐकत राहिला,
मग हसला, दात नसलेलं तोंड भरून.
"खोटं बोलून रायला बे तू," म्हणाला,
"थांब. हालू नोको.
आन दुसरा गोटा दे."